दात्याशी कोणी बोलेल का? नाशिकच्या रक्तकेंद्रांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहर व जिल्ह्यातील शासकीय, धर्मादाय आणि खाजगी रक्तकेंद्रांचे संचालक व रक्तसंक्रमण अधिकारी,
तसेच राज्य रक्त संक्रमण परिषद, मुंबई

विषय: रक्त, प्लेटलेट व प्लाझ्मा देणाऱ्यांना केंद्रात मिळणारी वागणूक आणि त्यांना न दिली जाणारी माहिती

महोदय,

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी नोकरी करतो आणि पुष्कळ वर्षांपासून नेमाने रक्त, व बोलावणे येईल तेव्हा प्लेटलेट देतो. आमच्या तिन्ही पाळ्यांमधल्या दात्यांची यादी माझ्याकडे असल्यामुळे केंद्रातून परत आलेली माणसे तिथले बरेवाईट आधी मला येऊन सांगतात. या पत्रातले काही माझ्या स्वतःच्या अनुभवातले आहे, काही त्यांच्याकडून ऐकलेले. कोणा एका केंद्रावर ठपका ठेवायचा नसल्याने मी कुठलेही नाव घेतलेले नाही. शिवाय ज्या उणिवा सांगणार आहे त्या कमीअधिक प्रमाणात बहुतेक ठिकाणी दिसतात. तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी त्यांचा गाभा एकच आहे: आमच्याकडून हवे ते घेतले जाते, पण आमच्याशी कोणी धड बोलत नाही.

आपल्या देशात दात्याला रक्तासाठी पैसे देणे कायद्याने बंद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 1996 च्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांचा व्यवसाय थांबला, आणि रोग्याच्या सुरक्षिततेसाठी ते आवश्यकच होते. अमेरिकेत प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव भाग, देणाऱ्याला केंद्राकडून पैसे मिळतात आणि तिथे माणूस आठवड्यातून दोनदाही प्लाझ्मा देऊ शकतो. तिथला कर्मचारी तुसडेपणाने वागला तरी पैशांची गरज असलेला माणूस पुन्हा त्याच दारात जाईल. आपल्याकडे तसे नाही. सक्ती नाही, मोबदला नाही, म्हणून दाता दुसऱ्यांदा येतो तो बहुतेक वेळा पहिला अनुभव बरा होता म्हणूनच. आणि जो येत नाही त्याचे कारण केंद्राला कळतच नाही, कारण न येणारा माणूस तक्रारवहीत लिहायला येत नसतो.

सुरुवात हिमोग्लोबिनपासून करतो, कारण आमच्या यादीतली सर्वाधिक नावे तिथेच गळतात. गेल्या पावसाळ्यातल्या एका शिबिरात आमच्या हिशेब विभागातली एक मुलगी पहिल्यांदाच रक्त द्यायला आली होती. टेक्निशियनने तिच्या बोटाला सुई टोचली, काचेच्या नळीत रक्त घेतले आणि त्याचा एक थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडला. थेंब खाली जाता जाता मध्येच अडला, जरा वर आला आणि तिथेच रेंगाळला. टेक्निशियनने कापसाचा बोळा तिच्या हातात दिला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाकडे बघत सांगितले, "एचबी कमी आहे, नाही चालणार. चला, पुढचे." तिने किती आहे असे विचारले तेव्हा "कमी आहे म्हटलं ना" एवढेच उत्तर मिळाले. खरे तर त्या टेक्निशियनला आकडा सांगता येणेच शक्य नव्हते. त्या द्रावणाची घनता अशी ठेवलेली असते की डेसिलिटरला 12.5 ग्रॅम किंवा त्याहून अधिक हिमोग्लोबिन असले तर थेंब बुडतो, कमी असले तर तरंगतो. नेमके किती, हे ती पद्धत सांगत नाही. पण ही गोष्ट सांगायला दोन वाक्येही लागली नसती. त्या मुलीने घाबरून दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पैसे भरून तपासणी केली, तेव्हा हिमोग्लोबिन 12 च्या थोडे वर निघाले. म्हणजे रक्तदानासाठी ती अपात्र होती, परंतु रक्तक्षयाची रुग्ण नव्हती, कारण स्त्रियांच्या बाबतीत ती सीमा 12 धरली जाते. हा फरक तिला कोणी सांगितला नाही. त्यानंतर शिबिराची नोटीस लागली की ती नजर चुकवते.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून अधिक, म्हणजे 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. याचा अर्थ असा की शिबिराच्या टेबलापर्यंत आलेल्या बायकांपैकी फार मोठ्या संख्येला आपण परत पाठवणार हे आधीपासून ठाऊक असते, आणि तरीही परत पाठवण्याची कसलीच तयारी नसते. आकडा दाखवणारे यंत्र आता महाग राहिलेले नाही. एक छापील चिठ्ठी द्यावी, तीत आकडा, कारण आणि पुन्हा केव्हा यावे हे लिहावे, लोहाच्या गोळ्या जवळच्या आरोग्य केंद्रात मिळतात हे सांगावे, इतकेच. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत शिबिर असेल तर ती चिठ्ठी एखाद्या बाईच्या हातात पडलेला हिमोग्लोबिनचा पहिला कागद असू शकतो.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. दात्याच्या अर्जात लैंगिक संबंध, सुईने घेतलेली नशा, पूर्वीची कावीळ, गोंदवणे, गर्भपात असे प्रश्न असतात आणि ते असलेच पाहिजेत, कारण एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग व मलेरिया यांच्या तपासण्या प्रत्येक पिशवीच्या होत असल्या तरी नुकत्याच झालेल्या संसर्गात काही काळ तपासणी कोरी येऊ शकते, आणि त्या काळात दात्याचे खरे उत्तर हाच रोग्याचा बचाव असतो. पण हे प्रश्न विचारले जातात कुठे? मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये, प्लॅस्टिकच्या टेबलाशी, मागे शेजारच्या मशीनवरचा सहकारी आणि पुढे सोसायटीचा सेक्रेटरी उभा असताना. अशा वेळी कोणीही "नाही, नाही, नाही" असेच सांगणार. बऱ्याचदा तर स्वयंसेवकच सगळ्या रकान्यांत आधीच "नाही"वर खूण करून ठेवतो आणि फक्त सही घेतो. हे मी अनेकदा पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी त्या पिशवीचा पुढचा प्रवास मनात आला आहे. एक पडदा आणि दोन खुर्च्या, याहून अधिक काही इथे लागत नाही.

तपासणीत काही आढळले तर काय होते, तेही सांगतो. आमच्या एका सहकाऱ्याला शिबिरानंतर फोन आला, तो त्याच्या पत्नीने उचलला. "त्यांना सांगा, यापुढे रक्त देऊ नका, आणि येऊन भेटून जा," असा निरोप तिच्याकडे दिला गेला. घरात काय झाले असेल याची कल्पना आपण करू शकाल. प्राथमिक चाचणी काही वेळा चुकीने सकारात्मक येते, खात्रीची तपासणी वेगळी करावी लागते, हे आपल्याला पाठ आहे. त्याला ते कोणी सांगितले नव्हते. पुढची तपासणी कोरी आली. दाता स्वतः फोनवर आहे याची खात्री केल्याशिवाय एक शब्दही बोलू नये आणि जे बोलायचे ते डॉक्टर किंवा समुपदेशकानेच समोरासमोर बोलावे, हा नियम फोन करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या टेबलावर चिकटवून ठेवण्याजोगा आहे.

आता प्लेटलेट आणि प्लाझ्मा देणाऱ्यांविषयी. साधे रक्तदान दहा मिनिटांत उरकते. अफेरेसिसला, म्हणजे यंत्राने रक्तातून फक्त प्लेटलेट किंवा प्लाझ्मा काढून बाकीचे रक्त दात्याला परत देण्याला, यंत्रावरच तासाहून अधिक वेळ जातो आणि त्याआधी शीर तपासणे, रक्तगट, प्लेटलेटची मोजणी व संसर्गाच्या चाचण्या यांत दोन-तीन तास जातात. हा वेळ लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की किती वेळ लागेल हे कोणीच सांगत नाही. सीबीएस बसस्थानकावर गाडी उशिरा असली तर निदान चौकशीच्या खिडकीत विचारता तरी येते. इथे बाकड्यावर बसलेला दाता तीनदा आत डोकावतो आणि तीनही वेळा "बसा, बोलावतो" ऐकतो. दुसरी पाळी बुडते, साहेबांचे फोन येतात, आणि शेवटी "तुमचा काउंट एक लाख चाळीस आलाय, नाही घेता येणार" असे सांगितले जाते. किमान दीड लाख लागतात हे आधी माहीत असते तर त्याला ते पटले असते.

यंत्रावर बसल्यानंतरचा अनुभव माणसामाणसानुसार किती बदलतो, हे मी एकाच केंद्रात पाहिले आहे. रक्त यंत्रात गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळतात, आणि रक्त परत शरीरात येताना ते सायट्रेट रक्तातल्या कॅल्शियमला बांधून ठेवते. ओठांना आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, छातीत थोडे थरथरल्यासारखे वाटते, खोलीतल्या एसीत थंडी वाजते. ज्याला हे आधी सांगितले नाही त्याला आपल्याला झटका येतोय असे वाटते. एका रात्री शेजारच्या खुर्चीतल्या तरुणाला तसेच झाले. तो "सर, सर" म्हणत राहिला आणि टेक्निशियन पलीकडच्या खोलीत बिलाच्या गडबडीत होता. तो तरुण पुन्हा प्लेटलेट द्यायला येणार नाही. त्याच केंद्रात दिवसपाळीला एक सिस्टर आहेत. त्या सुई टोचण्याआधी दोन्ही हातांच्या शिरा चाचपून पाहतात, नाश्ता केला का, तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतली का हे विचारतात, कॅल्शियमची गोळी चघळायला देतात आणि रक्त परत यायला लागले की दर थोड्या वेळाने विचारतात, "ओठांना मुंग्या येतायत का? आल्या तर लपवू नका, मी मशीनचा वेग कमी करते." बास, एवढेच. त्यांच्या पाळीत प्लेटलेट दिलेली माणसे मला स्वतःहून विचारतात की पुन्हा केव्हा जायचे. म्हणून हे जमत नाही, असे म्हणता येणार नाही. हे एका व्यक्तीच्या स्वभावावर सोडून दिलेले आहे, ही खरी अडचण आहे.

त्या रात्रपाळीच्या टेक्निशियनचीही बाजू मांडली पाहिजे. तो कंत्राटी आहे, रात्री एकटा असतो, यंत्र, नोंदी, रोग्याचे नातेवाईक आणि फोन सगळे त्यालाच सांभाळावे लागते. यंत्रावर दाता असताना त्याला खोली सोडावी लागू नये, एवढी माणसे नेमणे हे संचालकांचे काम आहे, त्याचे नव्हे. शिबिरांमध्ये वाटल्या जाणाऱ्या छत्र्या, डबे आणि हेल्मेट यांवर जो खर्च होतो तो बहुधा आयोजक करतात हे मला ठाऊक आहे, पण आयोजकांना तो पैसा समुपदेशकाच्या मानधनाकडे वळवण्याची विनंती तरी केंद्रांनी करून पाहावी. भेटवस्तूच्या आशेने आलेला माणूस अर्जातल्या प्रश्नांना खरी उत्तरे देईलच याची खात्री कोण देणार?

कारखान्यातल्या शिबिरांबद्दल एक आवर्जून सांगायचे आहे. सातपूर आणि अंबडमध्ये बरीच शिबिरे पाळी बदलण्याच्या वेळेला धरून घेतली जातात, कारण त्या वेळी माणसे एकत्र सापडतात. रात्रपाळी करून, पुरेशी झोप न घेतलेल्या माणसाचे रक्त घेऊ नये असे मार्गदर्शक सूचना सांगतात. तरीही सकाळी सात वाजता गेटमधून बाहेर पडणाऱ्यांना थांबवून टेबलावर झोपवले जाते आणि बिस्किटाचा पुडा हातात देऊन मोटारसायकलवरून घरी धाडले जाते. यात आमचे व्यवस्थापनही तेवढेच जबाबदार आहे आणि मी तसे त्यांना सांगितलेले आहे; पण वैद्यकीय निर्णय केंद्राच्या डॉक्टरांचा असतो.

डेंग्यूच्या दिवसांत, साधारण ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत, आमच्या फोनला उसंत नसते. प्लेटलेट पाच दिवसच टिकतात, त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही हे दात्यांना समजते. पण रक्तस्राव नसलेल्या डेंग्यूच्या रोग्याला प्लेटलेट साधारणपणे दहा हजारांच्या खाली गेल्यावर द्याव्यात असे राष्ट्रीय मार्गदर्शन असताना चाळीस-पन्नास हजारांवर असलेल्या रोग्यासाठीही मध्यरात्री दात्यांना पळायला लावले जाते. हा प्रश्न मुळात रुग्णालयांचा आहे, तरी मागणीपत्रावर आकडा आणि कारण लिहून मागण्याचा अधिकार रक्तकेंद्राला आहे आणि तो वापरला जावा. दुसरे असे की आमचे फोन क्रमांक केंद्रातून नातेवाइकांकडे आणि तिथून व्हॉट्सॲपच्या गटांवर जातात. मालेगाव, धुळे, कधी थेट पुण्याहून अनोळखी माणसे रात्री दोन वाजता रडत फोन करतात, आणि नुकत्याच प्लेटलेट दिलेल्या माणसाला "आता देता येणार नाही" हे सांगताना अपराध्यासारखे वाटते. दोन वेळांमध्ये किमान 48 तास, आठवड्यात दोनदाहून अधिक नाही आणि वर्षात 24 पेक्षा अधिक नाही, ही मर्यादा दात्याच्या रक्षणासाठी आहे. ती पाळणे आणि आमच्या वतीने नातेवाइकांना नकार देणे ही केंद्राची जबाबदारी आहे. क्रमांक द्यायचाच असेल तर आधी आम्हाला विचारावे.

पैशांविषयीही मोकळेपणाने बोलले गेले पाहिजे. एका दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेटच्या पिशवीसाठी खाजगी केंद्रात रोग्याला दहा हजारांहून अधिक रुपये मोजावे लागतात. दाता आत हात पसरून बसलेला असतो आणि काचेपलीकडे नातेवाईक नोटा मोजत असतात, हे दृश्य पाहून "माझे रक्त विकतात" असे त्याच्या मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. एकदाच वापरून टाकून द्यावे लागणारे किट किती महाग असते, चाचण्यांना किती खर्च येतो, हे भिंतीवर मराठीत लावले तर निम्मे गैरसमज मिटतील. विचारल्यावर मात्र उत्तर मिळते, "ते अकाउंट्सला विचारा."

त्याहून कमी बोलले जाते ते प्लाझ्माबद्दल. साध्या रक्तदानातून लाल पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वेगळे केले जातात. प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो आणि रोग्यांना लागून उरलेला प्लाझ्मा औषध कंपन्यांकडे जातो, जिथे त्यापासून अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन आणि हिमोफिलियाच्या रोग्यांना लागणारे रक्त गोठवणारे घटक बनवले जातात. या देवाणघेवाणीसाठी केंद्र सरकारने 2015 मध्ये लिटरला 1600 रुपये असा दरही ठरवून दिला होता. यात गैर काही नाही, उलट प्लाझ्मा वाया जाण्यापेक्षा हे कितीतरी चांगले आहे. पण आमच्या यादीतल्या किती जणांना हे माहीत आहे म्हणून मी विचारले, तेव्हा बहुतेकांनी हे पहिल्यांदाच ऐकले. आपल्या दानाचा एक भाग हिमोफिलिया असलेल्या मुलाच्या औषधात जातो हे कळले तर माणसाला आनंदच होईल. हेच त्याला बाहेरून अर्धवट कळले तर संशय येईल. केंद्राला त्या प्लाझ्मापोटी किती रक्कम मिळाली आणि ती कशावर खर्च झाली, हे वर्षातून एकदा सूचनाफलकावर लावावे, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

करोनाच्या काळातला प्लाझ्मा तर अजून अनेकांच्या मनात अडकून राहिला आहे. 2020 आणि 2021 मध्ये बऱ्या झालेल्या रोग्यांचा प्लाझ्मा मिळवण्यासाठी नाशिकमध्ये काय धावपळ झाली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आजारातून नुकतेच उठलेले लोक प्रतिपिंडांची तपासणी करून घेऊन ओळखपाळख नसलेल्या माणसासाठी यंत्रावर जाऊन बसले. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातल्या 39 रुग्णालयांतल्या 464 रोग्यांवर केलेल्या चाचणीत या उपचाराने आजार गंभीर होणे किंवा मृत्यू टळत नाही असे दिसले, आणि मे 2021 मध्ये तो राष्ट्रीय उपचारसूचीतून वगळण्यात आला. त्यानंतर एकाही केंद्राने त्या दात्यांना दोन ओळींचे पत्र पाठवल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तेव्हा उपलब्ध माहितीवर तो प्रयत्न प्रामाणिक होता, नवी माहिती आल्यावर तो थांबवला, आपले आभार. एवढे लिहायला काय हरकत होती? आज प्लाझ्मासाठी फोन केला की "मागच्या वेळचा उपयोग झाला नाही ना, मग आता कशाला?" असे ऐकू येते. भाजलेल्या रोग्याला, यकृताच्या रोग्याला प्लाझ्मा अजूनही लागतो, हे मग मला समजावत बसावे लागते.

2027 सालच्या सिंहस्थासाठी रस्ते, घाट आणि रुग्णालयांतल्या खाटा यांची तयारी चालू आहे. गर्दीच्या दिवसांत रक्ताची गरज एकाएकी वाढू शकते आणि तेव्हा कामी येतात ते वर्षभर न बोलावताही स्वतःहून येणारे दाते. ते आत्तापासून टिकवायचे असतील तर राज्य परिषदेने केंद्रांच्या तपासणीत फ्रीज आणि नोंदवह्यांबरोबर दात्याच्या मुलाखतीची जागा, परत पाठवलेल्यांना दिलेल्या चिठ्ठ्यांच्या स्थळप्रती आणि रात्रपाळीची माणसे हेही पाहावे. दान केल्यावर हात काळानिळा पडला, घरी चक्कर आली, तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा आणि तो रात्री कोण उचलणार, हे दाताकार्डावर छापलेले असावे. आजमितीला माझ्या कार्डावर जो क्रमांक आहे तो संध्याकाळी सहानंतर कोणी उचलत नाही.

पावसाळ्याआधी, म्हणजे डेंग्यूची धावपळ सुरू होण्यापूर्वी, शहरातल्या सर्व रक्तकेंद्रांची दात्यांसोबत एक बैठक जिल्हा रुग्णालयात किंवा आपणास सोयीच्या अन्य ठिकाणी घ्यावी, आणि तिला अधिकाऱ्यांबरोबर रात्रपाळीचे टेक्निशियन व सिस्टर यांनाही बोलवावे, अशी विनंती आहे. रविवार असल्यास कारखान्यांतल्या दात्यांना येता येईल. तारीख कळवल्यास आमच्या यादीतले नियमित दाते तर मी आणेनच, पण एकदा परत पाठवले गेल्यावर पुन्हा कधीच न आलेल्यांपैकी जे तयार होतील त्यांनाही सोबत घेऊन येईन. त्यांचे म्हणणे आपण आधी ऐकावे.

आपला,
प्लेटलेट व रक्त देणारा एक नियमित दाता
इंदिरानगर, नाशिक